दुसऱ्याच्या हातातले पान

नवा प्राणी घडविण्याची माणसाची हौस फार जुनी आहे. सृष्टीत जे प्राणी आयते मिळाले, त्यांच्यावर त्याचे कधी समाधान झाले नाही. सिंहाला पंख हवेत, नागाला माणसाचे तोंड हवे, बैलाच्या धडाला दुसऱ्याच कुणाची मान हवी, असे त्याला वाटत आले. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला आढळतो. पायाखाली हत्ती दाबून धरणारे हे जनावर सह्याद्रीच्या कोणत्याही रानात कधी फिरले नाही, हे ते कोरणाऱ्या पाथरवटालाही ठाऊक होते. तरीही त्याने ते कोरले, आणि दरवाजाखालून जाणाऱ्याने ते खरे मानले.

ही हौस निरुपद्रवी आहे, कारण दगडातला शरभ कोणाशी लढत नाही. त्याच्या अंगी बळ किती, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. परंतु हाच प्राणी दगडावरून उतरून खेळाच्या पानावर आला की मामला बदलतो. मग त्याचे बळ आकड्यात लिहावे लागते. समोर दुसरा खेळगडी बसलेला असतो, त्याच्या हातात दुसरा प्राणी असतो, आणि या दोघांपैकी कोणी हरावे हे पान लिहिणाऱ्याच्या लेखणीवर अवलंबून राहते. चित्रकाराची हौस अशा वेळी न्यायाधीशाचे काम होऊन बसते.

हल्लीच्या मुलांना हा खेळ नवा नाही. रिचर्ड गारफील्ड नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ 1993 साली बाजारात आला. 1996 साली जपानात पोकेमॉनची पाने निघाली. अशा खेळात सर्वांना मिळून एक जोड नसतो. प्रत्येकाने आपापली पाने जमवायची, बंद पाकिटे विकत घ्यायची, मित्राशी अदलाबदल करायची आणि आपला जोड बांधून खेळायला बसायचे. एकेका पानावर एकेक प्राणी असतो. त्याचे बळ, त्याला मैदानात आणण्याचा खर्च आणि त्याची खास करामत त्याच पानावर छापलेली असते. ज्यांना विकतची पाने पुरत नाहीत, किंवा परवडत नाहीत, ते स्वतःच नवे प्राणी रचून घरी पाने तयार करतात.

पवन मावळातल्या आमच्या परंदवडीतही हे लोण आले आहे. मुले जुन्या लग्नपत्रिका कातरून पाने करतात. एका बाजूला अमक्याच्या चिरंजीवाचा शुभविवाह आणि दुसऱ्या बाजूला सात तोंडांचा बिबट्या, अशी पाने मी वर्गात पुष्कळ पाहिली आहेत. मधल्या सुटीत ओट्यावर डाव मांडलेला असतो. एका मुलाने आपल्या राक्षसाचे बळ नऊ हजार नऊशे नव्याण्णव लिहिले. दुसऱ्या दिवशी त्याच्या मित्राने आपल्या गरुडापुढे त्याहून एक शून्य जास्त लिहून आणले. तिसऱ्याने सरळ ‘कधीच मरत नाही’ असे लिहिले. त्यानंतर दोन दिवस ओटा रिकामा होता. खेळ कोणी बंद केला नव्हता. खेळण्यासारखे काही उरलेच नव्हते.

त्याच वर्गातल्या एका मुलीने खेकड्याचे पान केले होते. भातखाचराच्या बांधात सापडतो तसला काळा खेकडा. त्याचे बळ दोन. पाऊस चालू असेल तर चार. ऊन पडले की तो बिळात जातो आणि त्या खेपेला त्याला लढता येत नाही, पण त्यालाही कोणी मारू शकत नाही. इतकेच तिने लिहिले होते. ते पान सगळ्यांना हवे होते. आणि विशेष म्हणजे ते आपल्या हातात असावे असे जितके वाटे, तितकेच त्याच्याविरुद्ध खेळून पाहावे असेही वाटे. नऊ हजारांच्या राक्षसाबद्दल असे कोणालाच वाटले नाही.

माझा प्रश्न येथून सुरू होतो. आपण घडविलेल्या प्राण्याला बळ किती द्यावे? ही नुसती खेळाच्या सोयीची बाब आहे, की तीत काही नीती आहे?

आपल्या पुराणांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. भस्मासुराची गोष्ट घ्या. ज्याच्या मस्तकावर हात ठेवीन तो भस्म होईल, असा वर त्याला मिळाला. या वराला खर्च नाही, मर्यादा नाही, अपवाद नाही. म्हणून तो वर पहिल्यांदा उलटला तो देणाऱ्यावरच, आणि शेवटी घेणाऱ्याच्या स्वतःच्या मस्तकावर. हिरण्यकशिपू त्या मानाने हुशार. घरात नको, बाहेर नको. दिवसा नको, रात्री नको. माणसाकडून नको, पशूकडून नको. शस्त्राने नको, अस्त्राने नको. त्याने आपल्या पानावर सर्व बाजूंनी कुंपण घातले. पण इतके नेटके लिहिलेले असल्यामुळेच त्यात फट राहिली, आणि त्या फटीच्या मापाने नरसिंह घडविला गेला: उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला, अर्धा माणूस आणि अर्धा सिंह, हाती शस्त्र नाही, फक्त नखे. नियम न मोडता, नियमाच्या आत राहून अन्यायाला उत्तर देणारा असा प्राणी दुसरा कोणी रचला असेल असे मला वाटत नाही.

हाच नरसिंह पुढे आपल्याकडे खरोखरीच पत्त्यांवर आला. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा अनेकांनी पाहिली असेल. पाने वाटोळी, हाताने रंगविलेली, वर लाखेचा लेप. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पाने, अशी एकंदर 120. ही कला संपत आली असता सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा उभी केली. गंजिफा त्याआधी कित्येक शतके हिंदुस्थानात होती. 1527 साली बाबराने सिंधकडे गंजिफेची पाने पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त बारा रंगांच्या 144 पानांचे वर्णन केले आहे, आणि त्यात गजपती, वनपती, अहिपती असे हत्तींचे, श्वापदांचे, सापांचे राजे आहेत. म्हणजे पानांवर प्राणी चितारून त्यांना झुंजविण्याचा नाद आपण अमेरिकेकडून किंवा जपानकडून शिकलो असे नाही.

परंतु जुन्या गंजिफेत आणि या नव्या पानांत एक मोठा फरक आहे. गंजिफेचा डबा एक. त्यातली सगळी पाने पिसायची आणि तिघांत वाटायची, प्रत्येकाला चाळीस. नरसिंहाचा राजा आज माझ्या हाती आला तर उद्या तुमच्या हाती येईल. शिवाय रचणाऱ्यांनी आणखी एक युक्ती करून ठेवली आहे. निम्म्या रंगांत वजिराच्या खालोखाल दहाचे पान मोठे, तर उरलेल्या निम्म्या रंगांत एक्का मोठा आणि दहा सर्वांत लहान. एका ठिकाणचे लहान दुसऱ्या ठिकाणी मोठे ठरते. डाव दिवसा असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने सुरुवात करायची. रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने. कायमचा थोरला कोणी नाही. तेथे न्याय वाटणीत होता, म्हणून चिताऱ्याला तो निराळा सांभाळावा लागत नव्हता. त्याने मासा सुबक काढला की त्याचे काम झाले.

नव्या खेळात डबा एक नाही. ज्याची त्याची पाने ज्याच्या त्याच्या खिशात. तेथे वाटणी नाही, म्हणून वाटणीतला न्यायही नाही. तो पान लिहितानाच लिहावा लागतो. पान रचणाऱ्याचे उत्तरदायित्व यामुळे चिताऱ्यापेक्षा किती तरी वाढले आहे. ‘मॅजिक’मध्ये ‘ब्लॅक लोटस’ नावाचे एक पान आहे. ते प्राण्याचे नाही, पण ते खेळायला खर्च काहीच पडत नाही आणि त्याने मिळणारा लाभ मात्र मोठा आहे. खेळ निघून वर्ष होण्याच्या आत, 1994 साली, एका जोडात ते एकापेक्षा अधिक ठेवू नये असा निर्बंध घालावा लागला. खर्चावाचून दिलेले बळ हे भस्मासुराचेच बळ असते. याउलट पोकेमॉनच्या पानावर प्राण्याचे बळ जसे छापलेले असते, तशी तो कशापुढे दुबळा पडतो हेही खाली छापलेले असते. स्वतःचा दुबळेपणा कपाळावर लिहून मैदानात उतरणारा तो प्राणी मला माणसांपेक्षा प्रामाणिक वाटतो.

कोणी म्हणेल, मास्तर, ही मुलांची कल्पना आहे. तिला कशाला वेसण घालता? माझे उत्तर असे, की वेसण कल्पनेला नाही. सात तोंडे काढा, सत्तर काढा. परंतु बळाचा आकडा ही कल्पना नव्हे. तो दुसऱ्यावर चालविलेला हुकूम आहे. माझ्या राक्षसाला मरण नाही असे मी लिहितो, तेव्हा मी माझ्या राक्षसाबद्दल फारसे काही सांगत नाही; समोरच्या मुलाने काय करू नये, तेवढे सांगतो. त्याच्या खेकड्याने, त्याच्या विचाराने, त्याच्या युक्तीने काही फरक पडणार नाही, असे मी त्याला आधीच बजावतो.

दुसरा कोणी म्हणेल, सृष्टीत तरी कोठे न्याय आहे? बिबट्या गोठ्यात शिरतो तेव्हा शेळीला कोण विचारतो? हे खरे आहे. पण बिबट्याला कोणी लिहिलेले नाही, निदान ज्याला जाब विचारता येईल अशा कोणी तरी लिहिलेले नाही. पान मात्र मी लिहिले आहे. जे माझ्या हातून घडले त्याबद्दल सृष्टीकडे बोट दाखविणे बरे नव्हे.

आमच्याकडे वाटणीची एक जुनी रीत सांगतात: वाटे थोरल्याने पाडायचे आणि पहिला वाटा धाकट्याने उचलायचा. मग थोरल्याचा हात आपोआप सरळ चालतो. जॉन रॉल्स या अमेरिकन विचारवंताने 1971 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात समाजाचे नियम असेच ठरवावेत असे मांडले. आपण त्या समाजात कोणत्या जागी जन्माला येणार हे ठाऊक नाही असे धरून. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माझ्यासारख्याला हा मोठा ग्रंथ पेलणार नाही, पण वाट्याची रीत समजते. नवा प्राणी रचणाऱ्याने हीच कसोटी लावावी. पान पुरे झाले की ते मनातल्या मनात समोरच्याच्या हाती द्यावे आणि स्वतःला विचारावे: याच्याविरुद्ध खेळायला मी बसेन का? बसेन, असे उत्तर आले तर पान खरे. नाही तर ते पान नव्हे, ती दटावणी आहे.

घरी केलेल्या पानाला या बाबतीत विकतच्या पानापेक्षा एक अधिक सोय आहे. त्याच्यामागे कंपनीचा शिक्का नसतो. समोरचा ‘चालेल’ म्हणाला तरच ते खेळात येते. छापील पान दुर्मिळ म्हणून प्रबळ आणि प्रबळ म्हणून महाग असू शकते. ज्याच्या घरी पैसा आहे त्याच्या खिशात बळ आपोआप जमते, आणि बाकीच्या मुलांना त्याबद्दल तक्रार करायला जागा राहत नाही, कारण छापले आहे ते छापले आहे. लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलेल्या खेकड्याला मात्र रोज दुसऱ्याची संमती मिळवावी लागते. शेतमजुराच्या मुलीचे पान आणि बंगलेवाल्याच्या मुलाचे पान त्या ओट्यावर एकाच परीक्षेला बसतात. एवढी समता मोठ्यांच्या व्यवहारात मला फारशी दिसलेली नाही.

कादंबरी लिहिणाऱ्यालाही हे लागू आहे, म्हणून मी या विषयाकडे वळलो. ज्या नायकाला काहीच लागत नाही, ज्याचे प्रत्येक बोलणे बिनतोड असते, तो नायक नऊ हजारांच्या राक्षसासारखाच असतो. त्याच्यासमोर उभी केलेली माणसे मग माणसे राहत नाहीत, हरण्यासाठी आणलेली प्यादी होतात. वाचक हे ओळखतो आणि मुलांप्रमाणेच ओटा सोडून निघून जातो.

ओडिशाच्या गंजिफेत नवगुंजर नावाचा एक राजा आहे. सारळा दासाच्या ओडिया महाभारतातला हा प्राणी नऊ जिवांचा मिळून झाला आहे: कोंबड्याचे डोके, मोराची मान, बैलाचे वशिंड, सिंहाची कंबर, सापाची शेपटी, आणि अशीच आणखी अंगे. रानात तो समोर येताच अर्जुनाने त्याला मारण्यासाठी धनुष्य उचलले. मग त्याचे लक्ष गेले, या भयंकर जनावराचा एक हात माणसाचा आहे आणि त्या हातात कमळ आहे. त्याने धनुष्य खाली ठेवले.

पत्त्यांवर नवगुंजर राजा आहे आणि अर्जुन त्याचा वजीर. ज्याने हा प्राणी रचला त्याला बळ देता येत नव्हते असे नाही. हत्ती, वाघ, सिंह, साप सगळे त्याने त्यात घातले. पण समोरच्याला ओळख पटावी, त्याला काही विचार करता यावा, निर्णय बदलता यावा, एवढी एक जागा त्याने राखून ठेवली. आमच्या मुलांना मी एवढेच सांगतो, की नखे हवी तितकी काढा, दात हवे तितके काढा. परंतु समोर बसलेल्यासाठी एक हात राखून ठेवा.