गुणाचे ऋण

आमच्या मोहन्यात कबड्डीच्या एका संघातून मधला रक्षक ऐन स्पर्धेच्या तोंडावर बाहेर पडला. त्यास नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करावयाचा होता. गावाने घडविले आणि हा गावास सोडून गेला, असे जो तो म्हणू लागला. म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. बोलून गेल्यावर मात्र मन स्वस्थ बसेना. अंगचा गुण हा गुणवानाचा, की ज्यांनी तो जोपासला त्यांचा?

या प्रश्नाशी झगडताना आम्हांस आयर्लंडचा जॅक लिंच आठवला. हर्लिंग हा काठीने चेंडू उडवीत पंधरा-पंधरा गड्यांनी खेळावयाचा तेथील प्राचीन खेळ. त्यात मधल्या पट्ट्यात दोघेच असतात. बचावाकडून आलेला चेंडू पुढच्यांच्या स्वाधीन करावयाचा, हे त्यांचे मुख्य काम. टाळ्या बहुधा दुसऱ्यांस. लिंच या जागी खेळे. कॉर्कच्या संघातून 1941 ते 1946 या काळात त्याने ओळीने सहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली. त्यांपैकी 1945 चे तेवढे गेलिक फुटबॉलचे. या खेळात खेळाडूस आजही वेतन नाही. लिंच सरकारी नोकरी करीत होता, त्याच काळात तो बॅरिस्टर झाला आणि 1966 मध्ये देशाचा पंतप्रधान. कॉर्कने त्याच्याजवळ संध्याकाळ मागितली, सारे आयुष्य मागितले नाही. म्हणूनच त्यास ती मोकळ्या मनाने देता आली, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडील हॉकीची गोष्ट निराळी. मुंबईचे विरेन रस्किन्हा हे भारताच्या मधल्या फळीतले खेळाडू. 2004 चे अथेन्स ऑलिंपिक आणि 2006 ची विश्वचषक स्पर्धा ते खेळले. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, 2008 मध्ये, त्यांनी व्यवस्थापनशास्त्राच्या शिक्षणासाठी खेळ सोडला. त्याच वर्षी सान्तियागो येथे ब्रिटनकडून हरल्यामुळे भारतीय हॉकी संघ 1928 पासून प्रथमच ऑलिंपिकला मुकला. देशास गरज असता मध्येच निघून जाणे योग्य काय, असे कोणी विचारील. परंतु जो खेळ सगळे तारुण्य मागतो आणि तिशीनंतरच्या भाकरीची हमी देत नाही, त्याचा हक्क तरी कितीसा?

रस्किन्हा पुढे ‘ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट’ या संस्थेचे प्रमुख झाले व खेळाडूंस साहाय्य मिळवून देऊ लागले. ‘पाहा, त्यांनी ऋण फेडलेच!’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस ते पटत नाही. 2008 साली हे पुढचे कोणास ठाऊक होते? निर्णय तेव्हा योग्य असेल तर तो तेव्हाच योग्य होता. नाहीतर आमच्या मधल्या रक्षकाने काय करावे? तो संस्था काढणार नाही. फार तर एखाद्या कचेरीत कारकून होईल. आणि येथील एनआरसी कारखाना 2009 मध्ये बंद पडल्यानंतर मोहन्यातील घरांत पक्क्या पगाराचे मोल काय, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको होते. तरी आम्ही त्यास बोललो.

सायंकाळी आंबिवली स्टेशनावरून घरी येताना तो आता मैदानास वळसा घालून जातो. परवा आम्ही त्यास हाक मारली. तो थांबला नाही. बहुधा ऐकू गेले नसावे.