जुनी गाडी आणि वाटेवरचा माणूस

जुनी वस्तू जपावी, हा संस्कार आपल्या घरांतून लहानपणीच होतो. आजीची नऊवारी, आजोबांचा पितळी तांब्या, भिंतीवरचा जुना क्रूस यांना जपताना कोणाचे काही बिघडत नाही. वर्षातून एकदा ऊन दाखवले, चिंचेने घासले, की झाले. मोटारगाडीचे मात्र तसे नाही. ती कपाटात राहत नाही. ती रस्त्यावर येते, आणि रस्ता सगळ्यांचा असतो. त्यामुळे जुनी गाडी होती तशीच ठेवावी की तिच्यात काळानुसार बदल करावेत, हा प्रश्न वरवर हौशी माणसांचा वाटला, तरी आम्हां उभयतांना तो नीतीचा प्रश्न वाटतो. त्याविषयी वाचक बंधुभगिनींशी थोडे बोलावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या तिकोणा पेठेतल्या घरी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. पद्मिनी म्हटले की पुष्कळांना पटकन कळत नाही. फियाट म्हटले की लगेच कळते. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५० च्या दशकात फियाट गाड्या निघू लागल्या. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली आणि तीच गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे बाकासारखी सलग सीट आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. त्या काळी नाव नोंदवून गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. मग गाडी दारात आली की तिला हार घालत आणि फादरांना बोलावून आशीर्वाद घेत. असे जे मिळते ते माणूस सहज टाकून देत नाही.

बाबांच्या पश्चात गाडी आमच्याकडे आली आणि वाद सुरू झाला. दादांचे, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंचे म्हणणे सरळ आहे. "बाबांनी जशी ठेवली तशीच राहू दे. एक नटबोल्ट बदललास तर ती बाबांची गाडी राहणार नाही." पुतण्याचे म्हणणे याच्या अगदी उलट. त्याला अॅलॉयची चाके हवीत, काळ्या काचा हव्यात आणि गाव जागे करील असा हॉर्न हवा. दादांना आम्ही एवढेच दाखवून दिले, की डाव्या बाजूचा आरसा कंपनीने दिलेला नाही. तो बाबांनी स्वतः पुण्याच्या जुन्या बाजारातून आणून बसवला होता. बाबा स्वतः गाडी 'जशीच्या तशी' ठेवत नव्हते. दादा गप्प बसले, पण पटले असे म्हणता येणार नाही.

भाग बदलले म्हणजे वस्तू तीच राहते का, हा प्रश्न फार जुना आहे आणि तो आपल्या मावळाला अगदीच परका नाही. कार्ल्याच्या लेण्यात चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. अशाच एका यवन राजाचा, मिलिंदाचा, भिक्षू नागसेनाशी झालेला संवाद पाली ग्रंथात सांगितला आहे. राजा रथातून आला होता. नागसेनाने त्याला विचारले, की रथ म्हणजे आस का? चाके का? जू का? प्रत्येक वेळी राजाला नाही म्हणावे लागले. रथ हे या सगळ्यांच्या जुळणीला आपण दिलेले नाव आहे, असे त्यातून निघते. हे ऐकले की गॅरेजमधल्या माणसाला सुटल्यासारखे वाटते. पिस्टन, रिंगा, क्लचप्लेट, तळाचा पत्रा, सगळे बदलले तरी गाडी गाडीच. पण आमचे समाधान तेवढ्याने होत नाही. नाव टिकले की नाही, हा पंडितांचा प्रश्न झाला. आमच्या गाडीला खिंड उतरायची असते.

पवनानगरकडून दुधिवरे खिंड चढून लोणावळ्याकडे जाणारा रस्ता आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालचा आहे. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे काय गर्दी असते, हे सांगायला नको. लोहगड, तिकोणा, पवना धरण पाहायला आलेली मुले रस्त्याच्या कडेने, कधी रस्त्याच्या मधूनच चालत असतात. अशा उतारावर ड्रम ब्रेकचे दोन दोष उघडे पडतात. सतत पाय ठेवला की ड्रम तापतो, तापून फुगतो, लायनरची पकड सुटू लागते. आणि ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरते. लायनर सुकेपर्यंत ब्रेक लागतच नाही. म्हणून जुने ड्रायव्हर दुसऱ्या गिअरमध्ये उतरत आणि पाण्यातून बाहेर आल्यावर हलका ब्रेक दाबून ड्रम सुकवत. ही विद्या आता फार थोड्यांकडे उरली आहे.

तिसरा दोष याहून गंभीर आहे. आमच्या गाडीत ब्रेकच्या तेलाला एकच वाट होती. एका मास्टर सिलिंडरमधून चारही चाकांना तेल. एखाद्या चाकापाशी वॉशर फाटला किंवा नळी गंजून फुटली, की चारही चाकांचा दाब जातो आणि पायडल फळीला टेकते. नंतरच्या गाड्यांत दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आला. त्यात एक वाट फुटली तरी दुसरी काही प्रमाणात गाडी थांबवते. आता सांगा, हा बदल केला तर बाबांच्या आठवणीचा अपमान होतो का? गाडीत बसलेल्या माणसाने 'मला जुनेच आवडते' म्हणून धोका पत्करला तर ती त्याची मर्जी. खिंडीत छत्री घेऊन चालणाऱ्या मुलीला कोणी विचारलेले नसते. आमच्या हळवेपणाचे बिल तिच्या नावावर फाडण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

हा सिलिंडर आम्ही बसवला. परिवहन कार्यालयात आधी विचारून बसवला, कारण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतील बदलांबाबत कडक आहे आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणेच वाचले. कामशेतकडच्या ज्या मिस्त्रींनी काम केले, त्यांनी जुना सिलिंडर तेलाच्या फडक्यात गुंडाळून, त्यावर चिठ्ठी लावून आम्हाला परत दिला. म्हणाले, "उद्या कोणाला परत बसवायचा असला तर असू द्या." उलट करता येईल असा बदल आणि न येणारा बदल, यांत फरक असतो, हे त्या एका चिठ्ठीने दाखवले. डायनामोच्या जागी अल्टरनेटर, हेडलाइटला रिले, डकवलेल्या रबरी नळ्यांच्या जागी नव्या नळ्या, हे सारे पहिल्या प्रकारातले. छत कापणे, इंजिन काढून दुसऱ्याच कंपनीचे बसवणे, हे दुसऱ्या प्रकारातले. पुतण्याचा हॉर्न कोणत्या प्रकारात बसतो, यावर आमच्या घरी अजून चर्चा चालू आहे. आमच्या मते तो शेजारधर्मात बसत नाही.

नळ्यांचा विषय निघालाच आहे तर पेट्रोलविषयीही सांगू. आता पंपावर मिळते त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी शोषते. गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकी आतून गंजते, आणि जुन्या काळचे रबर, मग ती नळी असो की पेट्रोलपंपाचा पडदा, फुगते किंवा चिरते. चिरलेल्या नळीतून पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. शिवाय इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडते, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते, आणि इंजिन तापते. त्यासाठी कार्बोरेटरचा जेट थोडा मोठा करावा लागतो. इथे 'मूळ' राखण्याचा हट्ट धरणे म्हणजे गाडी जाळण्याची तयारी करणे.

धुराचे काय, हा प्रश्न आम्हाला सर्वांत जड जातो. नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले ते १९९५ पासून, तेही आधी चार महानगरांत. आमच्या गाडीला ते नाही. पीयूसी मिळते, कारण जुन्या गाड्यांना मर्यादा सैल आहेत. पण सैल मर्यादेत बसणे आणि शेजाऱ्याच्या छातीत धूर न जाणे, या एकच गोष्टी नव्हेत. 'नवी गाडी बनवायलाही पोलाद आणि वीज लागतेच' हे उत्तर आम्हीही पुष्कळदा दिले आहे. ते खरे आहे, आणि सोयीचेही आहे. रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्याने ते देऊ नये. आम्ही गाडी रविवारच्या मिस्सेला आणि सणावारीच काढतो, ट्यूनिंग वेळेवर करतो. याने दोष पुसला जातो असा दावा नाही, कमी होतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे उदाहरण जुन्या गाड्यांचे शौकीन हटकून देतात. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये इटलीतील व्हेरोनाच्या एका वयस्क धर्मगुरूने त्यांना आपली १९८४ सालची पांढरी रेनॉ-४ भेट दिली. ती तोवर सुमारे तीन लाख किलोमीटर धावली होती. पोपमहाशयांनी ती आनंदाने स्वीकारली. साधेपणाचा हा धडा मोठाच. फक्त एवढे लक्षात ठेवावे, की व्हॅटिकनच्या गल्ल्यांत दुधिवरे खिंड नाही.

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना असले प्रश्न पडायला सवडच नव्हती. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या टॅक्सी म्हणून बंद झाल्या. त्या चालू होत्या तोवर कुर्ल्यापासून पुण्यापर्यंत सुटे भाग सहज मिळत. आता मिस्त्री म्हणतात, "भाग मिळेल, पण शोधायला दोन रविवार द्या."

राहिला पट्ट्यांचा प्रश्न, आणि तिथेच सध्या घोडे अडले आहे. आमच्या गाडीला सीटबेल्ट नाहीत. पट्टे बसवायचे तर खांबाला आणि तळपत्र्याला भोके पाडून, आतून जाड पट्टी लावून बोल्ट घ्यावे लागतात. हा बदल उलट करता येतो, पण पूर्णपणे नाही. भोक हे भोकच. इकडे २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' ठरते, तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. आमच्या गाडीला २०२८ साली पन्नास पूर्ण होतील. पट्ट्याच्या भोकालाही फेरफार म्हणायचे का, हे त्या वेळी तपासणारा अधिकारी ठरवील.

दादांना ती पाटी फार हवी आहे. त्यात पैशाचा लोभ नाही. बाबांच्या गाडीला सरकारने मान दिला असे त्यांना वाटेल, आणि ते आम्हाला समजते. पण त्याच नियमांत हेही आहे, की व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यायची. म्हणजे पाटी मिळाली तर नातवंडे तिच्यात बसून मिस्सेला जाणार नाहीत, आणि जायची असतील तर त्यांना पट्टा हवा. बाबांनी गाडी घेतली ती आईला गुडघेदुखीत चर्चपर्यंत चालावे लागू नये म्हणून. आम्ही दादांना हेच म्हटले.

मागच्या सीटसाठी दोन पट्टे आणून ठेवले आहेत. मिस्त्रींनी खडूने खुणा करून दिल्या आहेत, ड्रिल अजून लावलेले नाही. दादा पावसाळ्याआधी एकदा येऊन बघतो म्हणाले आहेत.