ग्रंथाची जबाबदारी आणि वाचकाची

ग्रंथ इतिहास घडवतो, असे आपण व्यासपीठावरून नेहमी ऐकतो. त्यासाठी अमेरिकेचे उदाहरण हमखास दिले जाते. एका बाईने कादंबरी लिहिली आणि गुलामगिरी नष्ट झाली, असे सांगून वक्ते टाळ्या घेतात. वाचकहो, हे विधान तपासून घेतले पाहिजे. कारण ते जसेच्या तसे खरे असेल, तर गांजलेल्या माणसाने कोणी दयाळू लेखक जन्माला येण्याची वाट पाहत बसावे, एवढेच त्याच्या हाती उरते. आणि ते साफ खोटे असेल, तर पुस्तके लिहायची आणि वाचायची तरी कशासाठी?

1776 सालच्या जानेवारीत थॉमस पेन याने ‘कॉमन सेन्स’ ही छोटी पुस्तिका काढली. पेन हा इंग्लंडातील एका गरीब कारागिराचा मुलगा. अमेरिकेत येऊन त्याला दोन वर्षेही झाली नव्हती. राजाची सत्ता ही देवाची आज्ञा नव्हे, हे त्याने साध्या माणसाला कळेल अशा भाषेत लिहिले. त्याच वर्षी जुलैत स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. त्याचा मसुदा थॉमस जेफरसनने लिहिला व त्यात मानवी समतेची घोषणा केली. पण याच जेफरसनच्या मालकीचे, त्याच्या आयुष्यभरात मिळून, सहाशेहून अधिक गुलाम होते.

मग ती घोषणा ढोंगी म्हणून फेकून द्यायची काय? गुलामांनी तसे केले नाही. 1829 साली बॉस्टनमध्ये जुन्या कपड्यांचे दुकान चालविणाऱ्या डेव्हिड वॉकर या काळ्या माणसाने एक जळजळीत आवाहन छापले आणि गोऱ्यांना त्यांच्याच जाहीरनाम्याचा जाब विचारला. त्याच्या प्रती खलाशांच्या मार्फत, कपड्यांत दडवून दक्षिणेत पोहोचविल्या गेल्या. मालकवर्ग हादरला. 1830 साली नॉर्थ कॅरोलिना राज्याने गुलामाला लिहावाचायला शिकविणे हा गुन्हा ठरविला. अक्षराला कोण भितो आणि का भितो, हे ज्याच्या घरात अक्षर पहिल्यांदाच आले आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

फ्रेडरिक डग्लस हा असाच एक गुलाम. बाल्टिमोरमध्ये मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकविली. मालकाने ते बंद पाडले. तेव्हा रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना भाकरीचा तुकडा देऊन तो त्यांच्याकडून वाचायला शिकला. 1838 साली तो पळाला. इतके चांगले बोलणारा माणूस गुलाम असूच शकत नाही, असे लोक म्हणू लागले, तेव्हा 1845 साली त्याने आत्मकथन लिहिले. त्यात मालकांची नावे आणि ठिकाणे उघडपणे दिली. त्यामुळे पुन्हा पकडले जाण्याचा धोका निर्माण झाला व त्याला परदेशी जावे लागले. 5 जुलै 1852 रोजी रॉचेस्टरच्या सभेत त्याने विचारले की, तुमचा हा स्वातंत्र्यदिन गुलामाचा कोण लागतो? जेफरसनने लिहिलेल्या शब्दांना खरा अर्थ दिला तो असा, त्या शब्दांनी ज्यांना वगळले होते त्यांनीच.

त्याच 1852 साली हॅरिएट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. पहिल्याच वर्षात अमेरिकेत तिच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्या. तिने लाखो गोऱ्या वाचकांच्या डोळ्यांत पाणी आणले आणि उत्तरेचे मन तयार केले. हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. परंतु कादंबरीच्या शेवटी मुक्त झालेले एक काळे कुटुंब अमेरिकेत राहत नाही. ते आफ्रिकेतील लायबेरियाला निघते. दया साखळी तोडायला तयार होती, शेजारी घर द्यायला तयार नव्हती. 1865 साली घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. पण सार्वजनिक जागी काळ्यांना वेगळे बसविण्यास देशभर बंदी घालणारा कायदा यायला 1964 साल उजाडावे लागले.

वाचक पुस्तकातून काय उचलतो, याचे दुसरे उदाहरण पाहा. 1906 साली अप्टन सिंक्लेअर यांनी ‘द जंगल’ ही कादंबरी लिहिली. शिकागोच्या कत्तलखान्यांत परदेशातून आलेले मजूर कसे पिळले जातात, हे त्यांना दाखवायचे होते. वाचकांना मात्र आपल्या ताटातल्या मांसाची चिंता पडली. त्याच वर्षी मांसतपासणीचा व शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे झाले. ताट स्वच्छ झाले. मजुराचे दुःख जिथल्या तिथे राहिले.

आणि ग्रंथ नेहमी भलेच करतो असेही नाही. टॉमस डिक्सन याने 1905 साली काळ्यांविषयी विष ओकणारी ‘द क्लॅन्समन’ ही कादंबरी लिहिली. 1915 साली तिच्यावरून चित्रपट निघाला, आणि त्याच वर्षी मेलेली कू क्लक्स क्लॅन ही दहशतवादी संघटना पुन्हा उभी राहिली. पुढील दहा वर्षांत तिचे लाखो सभासद झाले. तेही वाचक व प्रेक्षकच होते.

तेव्हा ग्रंथ ही ठिणगी आहे, हे खरे. पण तिने चूल पेटवायची की शेजाऱ्याचे घर, हे हातात धरणारा ठरवतो. लेखकाची जबाबदारी मोठी आहे; पण तिच्या आड वाचकाला लपता येणार नाही. वाचणे हेही एक कर्म आहे आणि त्याचा हिशेब वाचकाकडेच मागितला पाहिजे.

असा हिशेब चोख देणारा एक वाचक आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला. जोतीराव फुल्यांनी अमेरिकेतील दास्यमुक्तीची हकीकत वाचली आणि 1873 साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. दूरच्या गुलामाची कथा वाचून त्यांनी नुसता उसासा टाकला नाही. आपल्या दारातला गुलाम कोण, हा प्रश्न त्यांनी स्वतःला आणि समाजाला विचारला.

वाचकहो, पुढचे पुस्तक मिटताना आपणही आधी आपल्या दाराकडे पाहावे. त्या पुस्तकाने डोळ्यांत पाणी आणले असेल, तर ते पुसून उठावे आणि ज्याच्यासाठी ते आले त्याच्या पंगतीला जाऊन बसावे.