अच्युतगोत्र आणि कुलाभिमान



सूत्रपाठाच्या आचारप्रकरणात सर्वज्ञांनी अनुसरलेल्या पुरुषास तीन संबंध टाकावयास सांगितले आहेत : स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि संबंधियांचा. पहिल्या दोहोंविषयी आज्ञा सरळ आहे. तिसरा मात्र विशेषेकरून टाकावा, असा तिचा भर आहे. हा भर कशासाठी? देश आणि गाव पायांनी सोडता येतात. नांदगावच्या स्थानकावर गाडीत पाऊल ठेवले की मनमाड येईतो गाव दृष्टीआड झालेले असते. संबंधी तसे मागे राहत नाहीत. ते आडनावात असतात, बोलण्याच्या ढबीत असतात, ‘आम्ही अमक्यांचे’ या दोन शब्दांत असतात. खांद्यावर भिक्षेची झोळी आली तरी ‘आम्ही पाटलांचे’ ही गाठ सुटलेली नसते, असे कोणत्या आश्रमात पाहावयास मिळत नाही?

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांत कूळ कोठे मोडते, हे पाहिले म्हणजे या गाठीचे स्वरूप कळते. कूळ प्रपंचात मोडते. कुळात उपजतो तो देह. जीव अनादि आहे, अविद्येने बांधलेला आहे. त्याने आजवर इतक्या कुळांची वस्त्रे पांघरली आणि टाकली आहेत की, त्यांतील एकाचाच अभिमान धरणे म्हणजे धर्मशाळेत एक रात्र मुक्काम करून खोलीवर आपल्या नावाची पाटी ठोकणे होय.

सर्वज्ञांचे स्वतःचे चरित्र पाहावे. भडोचच्या प्रधान विशाळदेवांचे घर, हरपाळदेव हे नाव, मानमरातब, सेवक, संपत्ती, सर्व काही होते. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते निघाले, वाटेत बरोबरच्या लोकांस परतविले आणि एकाकी रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध आले. पुढे उभ्या महाराष्ट्रात त्यांनी अटन केले. त्या अटनात प्रधानपुत्र म्हणून कोठे मान घेतला नाही. जे नाव त्यांनी धारण केले ते श्रीचक्रधर. पंचकृष्णांकडे पाहिले तरी हेच दिसते. श्रीकृष्ण यादवांच्या कुळात, श्रीदत्तात्रेय अत्रिऋषींच्या घरी, श्रीचक्रपाणी फलटणात, श्रीगोविंदप्रभू काटसुऱ्यास, आणि सर्वज्ञ गुर्जर देशीचे. एका कुळाची ही मालिका नव्हे. म्हणून आपण अच्युतगोत्रीय म्हणवितो, तेव्हा जन्माने मिळालेले गोत्र बाजूस ठेवण्याचे वचन देत असतो. लग्नपत्रिकेत छापण्याची ही नुसती पदवी नाही.

येथे कोणी म्हणेल, ‘भिक्षुकास हे शोभते, वासनिकाने भाऊबंदांत कसे राहावे?’ प्रश्न खरा आहे. आमच्या नांदगाव-मालेगावच्या बाजूस लग्न ठरले की चंदनपुरीचा खंडोबा आणि वणीची सप्तशृंगी यांचे नाव प्रथम निघते. देवक, तळी, जागरण-गोंधळ हे सर्व यावे अशी भावकीची अपेक्षा असते. उपदेशी घराने अनन्य भक्तीस्तव ते टाळले की ‘कूळ बुडविले’ हा शब्द ऐकावा लागतो. देवघरातील चांदीचे टाक हा तर फार नाजूक विषय. बापाने पुजिलेले ते टाक मुलाच्या हाती येतात, तेव्हा त्याने काय करावे?

देवतांची भक्ती त्याने करू नये, याविषयी शास्त्रात संदेह नाही. देवतांचे फळ देवतांपुरते. मोक्षदाता एक परमेश्वर. परंतु वडीलधारी हयात आहेत तोवर त्यांच्या पूजेची टवाळी करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? मंडपात पाणी वाढावे, म्हाताऱ्या चुलत्याचे पाय चेपावे, भावाच्या आजारपणात रात्र जागावी. तळी उचलण्याची वेळ आली की नम्रपणे मागे सरावे. ‘तुम्ही देवतांचे, आम्ही परमेश्वराचे’ असे जो चारचौघांत ठणकावून सांगतो, त्याने कुलाभिमान टाकलेला नाही. नवे कूळ तेवढे धरले आहे.

हा दुसऱ्या जातीचा अभिमान अधिक सूक्ष्म आणि माझ्या मते अधिक घातक. ‘आमचे घर सात पिढ्यांचे उपदेशी’ हे वाक्य किती समाधानाने उच्चारले जाते! उपदेश काय सातबाऱ्याच्या उताऱ्यावर चढतो? उपदेशी बापाच्या पोटी जन्मल्याने कोणी उपदेशी होत नाही. प्रत्येकास गुरूपुढे स्वतः बसावे लागते आणि नामस्मरण स्वतःच्या मुखाने करावे लागते. आम्नायांचीही तीच गोष्ट. ‘आम्ही कवीश्वर, आम्ही उपाध्य’ हे सांगणे ज्ञानपरंपरा कळावी म्हणून असेल तर योग्य. पंक्तीतील मानासाठी असेल तर ती भावकीच. पंजाबात आणि पार काबूलपर्यंत आपला धर्म पोहोचला. तेथील जयकृष्णी मंडळींनी परप्रांतात मराठी पोथ्या जपल्या, आणि १९४७च्या फाळणीत घरदार सोडून अनेकांना इकडे यावे लागले. त्यांचे आपल्याशी रक्ताचे नाते कोणते?

अलीकडे लीळाचरित्राचा गौरव सर्वत्र होतो. मराठीतील आद्य गद्यग्रंथ म्हणून त्याचे नाव घेतले जाते, २०२४ साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. आनंद आहेच. तरी एक विचारावेसे वाटते : हा ग्रंथ आपल्या घरी नित्य उघडला जातो काय? वारसा म्हणून मिरविण्यास पोथी फडताळात असली तरी पुरते.

म्हाइंभटांनी तो ग्रंथ मराठीचा मान वाढावा म्हणून केला नाही. ते शास्त्रसंपन्न, विद्येच्या अभिमानाने सर्वज्ञांशी वाद करावयास आलेले पुरुष. तो अभिमान गळाल्यावर, सर्वज्ञ उत्तरापंथे गेल्यानंतर, नागदेवाचार्यांच्या साहाय्याने त्यांनी एकेक लीळा गोळा केली. ज्यांना सन्निधान घडले होते त्यांच्याकडे जाऊन विचारले. ज्याला जे स्मरत होते ते त्याच्या मुखातून घेतले. इ. स. १२७८च्या सुमाराची ही गोष्ट. पुढे धामधुमीत मूळ पोथ्या नाहीशा झाल्या, तेव्हा ज्यांच्या स्मरणाच्या आधारे लीळा पुन्हा लिहिल्या गेल्या त्यांत हिराइसा होत्या. आजही जाणकार पाठभेद पाहताना त्यांचा पाठ वेगळा काढून पाहतात. तो मान त्यांना माहेरच्या नावाने मिळाला नाही आणि सासरच्याही नाही. लीळा त्यांना मुखोद्गत होत्या.