पाळी गेली म्हणजे सुटलात?

दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आला की मागच्या बाकांवरचे मुलगे खुसखुसायचे आणि मुली माना खाली घालून वहीच्या समासात फुलं काढत बसायच्या. तो धडा तुम्ही तेव्हा वाचला नाहीत. आता पन्नाशी आली, केस पिकले, तरी वाचलेला नाही. म्हणून कान धरून पुन्हा शिकवते. खुसखुसणाऱ्यांनी पुढे येऊन बसा.

परवा मालवणच्या मासळी बाजारात तुमच्यातलीच एक भेटली. पाटीसमोर बसलेली, घामाने निथळलेली, पदराने वारा घेत होती. विचारलं, तर हसून म्हणाली, "पाळी गेली बाई, सुटलंय एकदाची." काय सुटलीस गो? महिने मोजण्यातून सुटलीस, एवढंच. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन आटलं, त्याची भरपाई शरीर आता कुठून करणार, हे विचारलंस कुणाला?

इस्ट्रोजेन म्हणजे पाळी आणि पोरं, एवढंच ज्यांच्या डोक्यात बसलंय त्यांनी ते काढून टाकावं. हाडात दोन तऱ्हेच्या पेशी सतत कामाला असतात. एक जुनं हाड खरवडते, दुसरी नवं भरते. खरवडणाऱ्या पेशींना लगाम असतो तो इस्ट्रोजेनचा. लगाम सुटला की भरणं मागे पडतं, आणि पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाड सगळ्यांत वेगाने विरळ होतं. दुखत नाही, म्हणून कळत नाही. मग पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून पाय सरकतो, हात टेकला जातो आणि मनगट मोडतं. त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं: "वय झाला." कसलं वय? आपल्याकडे पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. सत्तेचाळीस हे काय म्हातारपण झालं? मनगट ही सूचना असते. ती ऐकली नाही तर पुढचा नंबर खुब्याचा. आणि काट्यासकट चावून खायचे पेडवे मुलांच्या ताटात वाढून स्वतः नुसत्या सारावर भात जेवणाऱ्या तुम्हीच ना? कॅल्शियम तुमच्या दारात टोपलीतून येतं आणि तुम्ही ते वाटून टाकता.

दुसरा गुन्हा याहून मोठा. "आता मूल नको, मग पिशवी कशाला ठेवायची? काढून टाका." जणू पडवीतली अडगळच! बीड जिल्ह्यात 2019 साली 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांचा नाइलाज तरी होता. पाळीमुळे खाडा झाला की मुकादम पैसे कापायचा. तुमचा नाइलाज काय, सांगा बघू? पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली तर इस्ट्रोजेन एका दिवसात कोसळतं, आणि पंचेचाळिशीच्या आत असं झालं की हाडांबरोबर हृदयालाही धोका वाढतो. कधी शस्त्रक्रिया खरोखर लागते, नाही म्हणत नाही. पण "अंडाशयं ठेवणार की काढणार?" हे डॉक्टरांना आधी विचारायला तोंड उघडावं लागतं.

आता मुलग्यांकडे वळते. इस्ट्रोजेन तुमच्याही अंगात असतं रे, टेस्टोस्टेरॉनपासूनच बनतं. त्याचं काम ज्याच्या शरीरात जन्मापासून होतच नव्हतं असा अठ्ठावीस वर्षांचा एक पुरुष 1994 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवला. उंची 204 सेंटिमीटर, तरीही वाढ थांबलेली नव्हती, आणि हाडं म्हाताऱ्यासारखी विरळ. हे झालं त्याचं काम न झाल्याचं. आणि रोज संध्याकाळी दारू ढोसून ज्यांनी यकृत सुकवलं, त्यांच्या शरीरातला तोल इस्ट्रोजेनकडे झुकतो आणि छाती स्त्रीसारखी वाढते. आता खुसखुसा.

आता हार्मोनच्या गोळ्यांचं थोडक्यात. 2002 मध्ये अमेरिकेत त्यांचा एक मोठा प्रयोग मध्येच थांबवला, तेव्हापासून "हार्मोनच्या गोळ्या म्हणजे कॅन्सर" हे सगळ्यांना पाठ. त्या प्रयोगातल्या बायका सरासरी 63 वर्षांच्या होत्या, हे कुणी सांगत नाही. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसताना, फार त्रास होत असेल तर डॉक्टर ही औषधं विचारपूर्वक देतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर सहसा देत नाहीत. पिशवी जागेवर असेल तर नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत, जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतंच. म्हणून शेजारणीची गोळी मागून खायची नाही.

शेवटचं, आणि हे वहीत लिहून घ्या. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर एक ठिपका जरी रक्त दिसलं, तर त्याला "पाळी परत इली" म्हणायचं नाही. अंडाशय थकलं तरी चरबीत थोडं इस्ट्रोजेन बनत राहतं, वजन जास्त तर तेही जास्त. आवरायला प्रोजेस्टेरॉन नसतं, म्हणून ते गर्भाशयाचं अस्तर वाढवत बसतं. त्या अस्तराचा कर्करोग बहुतेक वेळा अशा रक्तस्रावानेच पहिल्यांदा कळतो, आणि लवकर कळला तर बरा होतो. दर वेळी कर्करोगच निघेल असं नाही, पण ते तपासणीने ठरतं. गणपती झाल्यावर बघू, जत्रा झाल्यावर बघू, हे चालणार नाही. त्याच आठवड्यात मालवणचं ग्रामीण रुग्णालय गाठा, नाहीतर ओरोसचं जिल्हा रुग्णालय. आणि नवऱ्यांनो, बाहेर गाडीवर बसून राहू नका, आत जा.