फोटो कुठे काढू?

मनाने गंगाखेडला या. गोदावरीच्या घाटावरची एखादी पायरी निवडा आणि बसा. दक्षिणकाशी म्हणतात या गावाला. लांबलांबची माणसं अस्थी घेऊन इथे येतात. कुणी पाण्यात उतरलेलं असतं, कुणी ओल्या अंगाने वर येत असतं. तुम्हाला आज काही करायचं नाही, फक्त बघायचं आहे. घाई नको.

थोड्या वेळाने डोळे मिटा आणि आठवा. कुणाकुणाचे चेहरे मनात राहिले? घाट झाडणारी एक बाई तिथे असेल, तर तिचा चेहरा आठवतो का? झाडू आठवेल, वाकलेली पाठ आठवेल. चेहरा बहुधा नाहीच. स्वतःला दोष देऊ नका, पण पुढेही जाऊ नका. कुणावर थांबायचं आणि कुणावरून सरकून जायचं, हे आपल्या डोळ्यांना लहानपणापासून शिकवलं गेलं आहे. जातीने शिकवलं, घराने शिकवलं. ते एका सकाळीत जाणार नाही.

जनाबाई याच गावच्या. पोरवयात त्या पंढरपूरला दामाशेटींच्या घरी गेल्या आणि नामदेवांच्या त्या घरात आयुष्यभर दासी म्हणून राबल्या. दळण, कांडण, झाडलोट, शेण्या वेचणं. विठ्ठल येऊन त्यांच्याबरोबर जातं ओढतो, ही कथा आपण इतकी ऐकली आहे की तिच्यातलं धाडस आता जाणवत नाही. म्हणून ती आज सावकाश मनात आणा. देव दारात उभा राहून बघत नाही. तो जमिनीवर बसतो, खुंट्याला हात घालतो. राबणाऱ्या माणसाकडे नीट बघायचं असेल तर आधी त्याच्या शेजारी बसावं लागतं, असं मला या कथेतून दिसतं.

आता एका छायाचित्रकाराला मनात आणा. सुधारक ओलवे, मूळचे अकोल्याचे. १९८८पासून ते मुंबईत वृत्तपत्रांसाठी फोटो काढत आले. वृत्तपत्राचा फोटो घाईचा असतो: घटना घडली, क्लिक झालं, रात्री पान छपाईला गेलं. ओलवे मात्र मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांकडे वळले आणि तिथेच वर्षानुवर्षं रेंगाळले. तीसेक हजार माणसांचं हे जग, जवळजवळ सगळी दलित. या कामाला नॅशनल जिओग्राफिकच्या ऑल रोड्स उपक्रमाचा सन्मान मिळाला, २०१३मध्ये त्याचं पुस्तक निघालं, २०१६मध्ये ओलव्यांना पद्मश्री मिळाली. कामाठीपुऱ्यातल्या बायका, जातीय अत्याचारात घरातलं माणूस गमावलेली कुटुंबं, हेही त्यांच्या कॅमेऱ्याने पाहिलं. पण आज एवढं सगळं नको. एकाच चित्रापाशी थांबू.

कृष्णधवल चित्र. गटारात उतरलेला माणूस. हातात मोजे नाहीत, अंगावर काळा गाळ. नजर चटकन बाजूला जाईल. ती परत आणा. पहिल्यांदा किळस येईल, येऊ द्या. मग दया येईल. दयेवर जरा जास्त वेळ थांबा, कारण तिथेच बहुतेक लोक पान उलटतात. कणव वाटली की आपलं काम झालं असं वाटतं. तिच्याही पुढे गेलात तर प्रश्न दिसू लागतात. याला इथे कुणी उतरवलं? संध्याकाळी हा घरी जातो तेव्हा मुलं जवळ येतात का? आणि फोटो काढणारा कुठे उभा होता? त्याच्याही नाकात तोच वास होता. ओलव्यांच्या कारकिर्दीतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच, की एवढ्या जवळ जाऊनही ते परत परत जात राहिले.

जवळ जाणं म्हणजे आपोआप न्याय नव्हे, हेही मनात ठेवा. १९३६मध्ये अमेरिकेत डोरोथिया लँग यांनी मजुरी शोधत फिरणाऱ्या एका आईचा फोटो काढला. तो जगभर गेला. त्या बाईचं नाव, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, लोकांना कळलं ते १९७८मध्ये, आणि त्या फोटोतून तिला काहीही मिळालं नव्हतं. चाळीस वर्षं एक चेहरा सगळ्यांना पाठ आणि नाव कुणालाच माहीत नाही. इथे श्वास थोडा जड होऊ द्या.

मुंबईच्या कंत्राटी सफाई कामगारांत १९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून गेलेली माणसं पुष्कळ. म्हणजे ओलव्यांच्या चित्रांतले काही चेहरे गोदावरीला परके नसतील. कचरा वाहतूक श्रमिक संघाने त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टकचेरी केली आणि २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला. तो फोटोने मिळवला नाही, संघटनेने मिळवला. तरीही मला वाटतं, ज्यांची गाऱ्हाणी ऐकायची ती माणसं आधी दिसावी लागतात. एवढं काम चित्राने केलं तर ते थोडं नाही.

आता शेवटचं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गंगाखेडच्या भागातल्या गावा-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशोबात दोघांचं मिळून एकच. कारखान्याजवळ पाचटाच्या कोप्या पडतात, पहाटेच्या अंधारात फड सुरू होतो. अशा एका बाईसमोर तुम्ही उभे आहात असं समजा. गळ्यात कॅमेरा आहे. तो अजून वर उचलू नका. तिच्या डोक्यावरची मोळी ट्रॉलीत पडू द्या. तिला पाणी पिऊ द्या. तुम्ही कोण, कुठले, कशासाठी आलात, हे तिने विचारलं तर पूर्ण सांगा. तिचं नाव विचारा, ती सांगेल तसंच लिहून घ्या. छापलेली प्रत या कोपीपर्यंत की गावाकडच्या घरी पोचवायची, तेही ठरवून घ्या. ती नको म्हणाली तर कॅमेरा पिशवीत जाईल. हो म्हणाली तर तिलाच विचारा, फोटो कुठे काढू.