उतरलेला गंधार

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक म्हातारे कारागीर तंबोरे बनवायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या हाताखाली एक पोरगा शिकत होता. दिवसभर भोपळे घासायचे, पॉलिश मारायचं आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर कान तयार करायचा खेळ खेळायचा. दोन स्वर वाजतात, त्यातला चढा कुठला ते ओळखायचं. बरोबर येत जाईल तसं त्यांच्यातलं अंतर बारीक होत जातं. पुढच्या पायरीवर षड्ज वाजतो आणि बोटाने पट्टी सरकवत सांगितलेला स्वर लावायचा असतो. जमला तर हिरवी खूण, नाहीतर लाल. पोराला लाल खूण क्वचितच दिसायची.

एकदा त्याने मोबाइल चाचांपुढे धरला. "चाचा, गंधार लावून दाखवा."

चाचांनी डोळे मिटले, पट्टी हळूहळू सरकवली. लाल खूण. 14 सेंट उतरलेला! पोरगा पोट धरून हसला.

चाचांनी नुकताच जवारी काढलेला तंबोरा त्याच्याकडे सरकवला. "खरज छेड. आणि आवाज विरेपर्यंत तोंड बंद."

पोराने तार छेडली. एकदा, दोनदा, पुन्हा. त्या तारेतूनच वर कुठेतरी, कुणी न लावलेला गंधार बोलत होता. त्याने मोबाइलवरचा गंधार वाजवून पाहिला. मग परत तार. हसू मावळलं.

"चाचा, मोबाइलचाच चढा आहे की!"

खेळाचा हिशेब पेटीचा होता. सप्तकाचे 1200 सेंट, त्याचे सारखे बारा भाग, म्हणून गंधार 400 वर. तारेतून आपोआप उमटणारा गंधार असतो 386 च्या आसपास. (पेटीवाल्यांनी रागावू नये. कुठलीही पट्टी षड्ज धरून वाजवायची सोय हवी, तर एवढी तडजोड आलीच.)

"फसवा आहे हा खेळ. काढूनच टाकतो," पोरगा म्हणाला.

"खुळा आहेस. 14 सेंटांचा फरक कळला ना तुला? आलास तेव्हा जोडीच्या दोन तारा जुळल्यात की नाही, तेही सांगता येत नव्हतं. हा कान त्या खेळानेच केलाय. माझे वाडवडील शिकलगार, तलवारींना धार लावायचे. धारेला दगड लागतोच. पण वार कुठे करायचा, हे दगडाला विचारायचं नसतं."

त्यानंतर पोरगा आधी तंबोरा छेडून स्वर गळ्यातून काढायचा, मगच पट्टीला बोट लावायचा. लाल खूण आली तर लगेच हिरमुसत नसे, पुन्हा तार ऐकायचा. बऱ्याचदा चूक त्याचीच निघायची.

चाचांनी मात्र त्याच संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी मोबाइल मागून घेतला. डोळे मिटून गंधार लावला, या वेळी मुद्दाम किंचित चढवून. हिरवी खूण आली.

"पेटीवालं गिऱ्हाईकही येतं आपल्याकडे," ते म्हणाले.